खानदेशातील शेती अनुदाने

खानदेशातील जळगाव व धुळे या जिल्ह्यांत शेतकऱ्यांना केंद्र व राज्य शासनाकडून मिळणाऱ्या रोख अर्थसाहाय्याला बोलीभाषेत सरसकट ‘अनुदान’ म्हटले जाते. या एका शब्दाखाली वेगवेगळ्या स्वरूपाच्या रकमा येतात. जमीनधारकाला दरवर्षी मिळणारा सन्मान निधी, अतिवृष्टी वा दुष्काळानंतरची मदत, बाजारभाव पडल्यावर दिलेले अर्थसाहाय्य, ठिबक संचासारख्या साधनांवरील अनुदान आणि पीक विम्याची भरपाई यांचे निकष, निधीचे स्रोत व मंजुरीचे अधिकारी निरनिराळे आहेत. या सर्वांना जोडणारा दुवा म्हणजे महसुली नोंद. रक्कम पिकाला किंवा कष्टाला मिळत नाही. ती सातबारा उताऱ्यावरील खातेदाराला आणि त्याच्या आधार-संलग्न बँक खात्याला मिळते. अनुदानाविषयीच्या या भागातील बहुतेक तक्रारींचे मूळ या व्यवस्थेत सापडते.

पार्श्वभूमी

ब्रिटिशकालीन खानदेश जिल्ह्याचे १९०६ मध्ये पूर्व व पश्चिम असे दोन भाग झाले. पूर्व खानदेश म्हणजे आजचा जळगाव जिल्हा. पश्चिम खानदेशाचा पुढे धुळे जिल्हा झाला व त्यातून १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार जिल्हा वेगळा करण्यात आला. तापीकाठची काळी जमीन, सातपुड्याच्या पायथ्याची बागायत आणि धुळे, शिंदखेडा, पारोळा, अमळनेर या भागांतील पावसावर अवलंबून असलेली कोरडवाहू शेती अशी या प्रदेशाची ढोबळ विभागणी करता येते. रावेर, यावल व चोपडा तालुक्यांत केळी, दोन्ही जिल्ह्यांत कापूस आणि साक्री परिसरात कांदा ही रोख पैसा देणारी पिके आहेत.

ब्रिटिश काळात शेतकऱ्याला शासनाकडून मिळणारी मदत मुख्यतः तगाईच्या रूपात असे. १८८३ चा जमीन सुधारणा कर्ज कायदा व १८८४ चा शेतकरी कर्ज कायदा हे तिचे आधार होते. तगाई हे कर्ज होते आणि ते फेडावे लागे. पीक बुडाल्यास जमीन महसुलाची तहकुबी किंवा सूट मिळे व त्यासाठी पिकाची आणेवारी काढली जाई. सोळा आणे म्हणजे पूर्ण पीक, या हिशेबाने गावाचे उत्पन्न ठरवण्याची ही पद्धत दशमान चलनानंतर ‘पैसेवारी’ या नावाने चालू राहिली. पन्नास पैशांपेक्षा कमी पैसेवारी हा टंचाईचा निकष आजही महसूल खात्याच्या कामकाजात वापरला जातो.

कापसाच्या बाबतीत १९७२ पासून राज्यात एकाधिकार कापूस खरेदी योजना होती. राज्य शासन हमी दराने कापूस घेई व तोटा झाल्यास तो सोसत असे. शेतकऱ्याच्या दृष्टीने ही किमतीत मिसळलेली मदत होती, कारण ती वेगळी मोजून हाती येत नसे. खानदेश मध्य प्रदेश व गुजरातच्या सीमेवर असल्याने तेथे भाव चढा असला की कापूस सीमेपलीकडे जाई आणि योजनेचा हिशेब कोलमडे. २००२ नंतर खासगी व्यापाऱ्यांना मोकळीक मिळाल्यावर ही योजना प्रत्यक्षात संपुष्टात आली. त्यानंतरच्या दोन दशकांत मदतीचा कल किमतीकडून थेट बँक खात्यात रक्कम भरण्याकडे झुकत गेला.

सन्मान निधी

प्रधानमंत्री किसान सन्मान निधी ही केंद्राची योजना २४ फेब्रुवारी २०१९ रोजी सुरू झाली व १ डिसेंबर २०१८ पासून लागू मानली गेली. शेतकरी कुटुंबाला वर्षाला ६,००० रुपये, प्रत्येकी २,००० च्या तीन हप्त्यांत मिळतात. प्रारंभी ती दोन हेक्टरांपर्यंतच्या खातेदारांपुरती होती. जून २०१९ पासून क्षेत्राची अट काढण्यात आली. प्राप्तिकर भरणारे, संवैधानिक पदे भूषवणारे, दरमहा १०,००० रुपये किंवा अधिक निवृत्तिवेतन घेणारे व संस्थात्मक जमीनधारक वगळले आहेत. पती, पत्नी व अज्ञान मुले मिळून एक कुटुंब धरले जाते.

महाराष्ट्र शासनाने मार्च २०२३ च्या अर्थसंकल्पात नमो शेतकरी महासन्मान निधी योजना जाहीर केली. तिचा पहिला हप्ता २६ ऑक्टोबर २०२३ रोजी शिर्डी येथील कार्यक्रमात वितरित झाला. राज्याचे ६,००० रुपये केंद्राच्या यादीवर आधारलेले आहेत. परिणामी केंद्राच्या यादीत नाव अडकले, ई-केवायसी राहिली किंवा आधार बँक खात्याशी जोडलेले नसले, तर वर्षाचे १२,००० रुपये एकदमच थांबतात.

या निधीचा जमिनीच्या आकाराशी संबंध नाही. अर्ध्या एकराच्या व पंधरा एकरांच्या खातेदाराला सारखीच रक्कम मिळते. तेलंगणात २०१८ मध्ये सुरू झालेली रयतू बंधू योजना एकरी रक्कम देत असे, तर युरोपीय संघाची थेट देयके मुख्यतः हेक्टरी हिशेबावर चालतात. तेथे मोठ्या जमीनधारकाला मोठी रक्कम जाते. महाराष्ट्रात २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार सरासरी धारणा १.३४ हेक्टर होती. अशा राज्यात कुटुंबनिहाय समान रक्कम लहान शेतकऱ्याच्या बाजूने झुकते, हे या योजनेचे बलस्थान मानावे लागेल. मात्र १ फेब्रुवारी २०१९ रोजी ज्याचे नाव भूमी अभिलेखात होते, त्यालाच ती मिळते. त्यानंतर जमीन वारसाहक्काने आली तर पात्रता राहते, विकत घेतली तर राहत नाही.

आपत्तीनंतरची मदत

अतिवृष्टी, गारपीट, पूर किंवा दुष्काळ यांनंतर मिळणाऱ्या रकमेला शासकीय भाषेत ‘निविष्ठा अनुदान’ म्हणतात. बियाणे, खते व मशागत यांवरील खर्चाचा काही भाग परत देणे हा तिचा उद्देश आहे. बुडालेल्या उत्पन्नाची भरपाई करण्याचा तिचा दावा नाही. हा भेद शासन निर्णयांत स्पष्ट असला तरी जाहीर घोषणांत तो बहुधा हरवतो आणि तेथूनच अपेक्षाभंग सुरू होतो.

निधी राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून येतो. त्यात केंद्राचा वाटा ७५ टक्के व राज्याचा २५ टक्के असतो. नुकसान किमान ३३ टक्के असावे लागते. एप्रिल २०१५ पूर्वी ही अट ५० टक्के होती. २०२२ पर्यंत दर हेक्टरी जिरायत ६,८००, बागायत १३,५०० व बहुवार्षिक पिकांसाठी १८,००० रुपये असे होते. पुढील कालावधीसाठी केंद्राने ते ८,५००, १७,००० व २२,५०० केले. क्षेत्राची मर्यादा दोन हेक्टरांची आहे. राज्य शासनाने काही वर्षी स्वतःच्या तिजोरीतून दर वाढवले. २०२२ च्या पावसाळ्यानंतर जुन्या दरांच्या दुप्पट, म्हणजे १३,६००, २७,००० व ३६,००० रुपये, तीन हेक्टरांपर्यंत देण्यात आले. ऑक्टोबर २०२५ मध्ये राज्याने ३१,६२८ कोटी रुपयांची एकत्रित मदत जाहीर केली. तीत रब्बीच्या तयारीसाठी हेक्टरी १०,००० रुपयांची अतिरिक्त रक्कम होती. त्यामुळे एकाच शेतात सारखेच नुकसान होऊनही निरनिराळ्या वर्षी मिळालेली रक्कम वेगळी असू शकते.

कापसावरील गुलाबी बोंडअळीचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. २०१७ च्या हंगामात या किडीने खानदेशासह विदर्भ व मराठवाड्यातील कापूस मोठ्या प्रमाणावर बाधित झाला. डिसेंबर २०१७ मध्ये राज्य शासनाने जिरायत कापसाला हेक्टरी ३०,८०० व बागायती कापसाला ३७,५०० रुपये मदत जाहीर केली. ही एकच रक्कम नव्हती. जिरायत कापसाच्या आकड्यात आपत्ती निधीचे ६,८००, पीक विम्याचे ८,००० आणि बियाणे कंपन्यांकडून मिळावयाचे १६,००० रुपये एकत्र मोजले होते. विमा न काढलेल्याला विम्याचा भाग मिळणे शक्य नव्हते आणि कंपन्यांकडील भरपाई स्वतंत्र कायदेशीर प्रक्रियेवर अवलंबून होती. शासनाच्या हाती थेट होता तो आपत्ती निधीचा हिस्सा, म्हणजे घोषित आकड्याच्या एक चतुर्थांशाहूनही कमी.

दुष्काळासाठी २०१६ च्या केंद्रीय संहितेनंतर पैसेवारीऐवजी पर्जन्यमान, जमिनीतील ओलावा, उपग्रहाने टिपलेली पिकांची स्थिती अशा निर्देशकांवर तालुका निवडला जातो. ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी राज्यातील ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. त्यात जळगाव जिल्ह्यातील चाळीसगाव व धुळे जिल्ह्यातील शिंदखेडा यांचा समावेश होता. शेजारच्या तालुक्यांतून तीव्र नाराजी व्यक्त झाल्यावर राज्याने हजाराहून अधिक महसूल मंडळांत ‘दुष्काळसदृश परिस्थिती’ जाहीर केली. या मंडळांना जमीन महसुलात सूट, कर्जाचे पुनर्गठन, वीजबिलात व परीक्षा शुल्कात सवलत मिळाली. ‘दुष्काळ’ व ‘दुष्काळसदृश’ या दोन शब्दांमध्ये हेक्टरी रोख मदतीचे अंतर होते.

भावातील घसरणीसाठी अर्थसाहाय्य

२०२३ च्या फेब्रुवारीत लाल कांद्याचे भाव कोसळले. राज्याने १ फेब्रुवारी ते ३१ मार्च २०२३ या काळात विकलेल्या लेट खरीप कांद्याला क्विंटलमागे ३५० रुपये, कमाल २०० क्विंटलपर्यंत देण्याचे ठरवले. विक्री राज्यातील बाजार समिती, खासगी बाजार, थेट पणन परवानाधारक किंवा नाफेडकडे झालेली असावी, विक्रीपट्टी असावी आणि सातबाऱ्यावर कांद्याची नोंद असावी अशा अटी होत्या. ज्याने पेरा नोंदवला नव्हता त्याचा कांदा बाजारात गेला, पण कागदावर तो पिकलाच नव्हता.

२०२३ च्या खरिपातील कापूस व सोयाबीनसाठी राज्याने जून २०२४ च्या अर्थसंकल्पात हेक्टरी ५,००० रुपये, दोन हेक्टरांच्या मर्यादेत, जाहीर केले. ०.२ हेक्टरपेक्षा कमी क्षेत्राला सरसकट १,००० रुपये ठरले. वितरण सप्टेंबर २०२४ अखेर सुरू झाले. त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाची हमी किंमत क्विंटलला ७,०२० रुपये होती. हेक्टरी १५ क्विंटल उत्पादन धरल्यास ही मदत क्विंटलमागे सुमारे ३३३ रुपये भरते. सामाईक खात्यावर अनेक नावे असल्यास इतर खातेदारांचे ना-हरकत पत्र आवश्यक होते. भाऊबंदकी असलेल्या घरांत हे पत्र मिळवणे पीक काढण्यापेक्षा अवघड ठरू शकते.

ठिबक सिंचन

महाराष्ट्रात ठिबक संचावरील अनुदानाची सुरुवात १९८० च्या दशकात झाली. जळगावात भवरलाल जैन यांनी उभारलेल्या ठिबक उद्योगामुळे आणि केळीच्या ऊतिसंवर्धित रोपांमुळे हा जिल्हा त्याचा मोठा लाभार्थी ठरला. मे महिन्यात विहिरीच्या पाण्यावर केली जाणारी मान्सूनपूर्व कापूस लागवडही बऱ्याच अंशी ठिबकवर अवलंबून आहे. सध्या केंद्र व राज्याच्या योजना मिळून अल्प व अत्यल्प भूधारकांना ८० टक्के, इतरांना ७५ टक्के अनुदान पाच हेक्टरांपर्यंत मिळते. हे टक्के शासनाने ठरवलेल्या मापदंड खर्चावर काढले जातात, दुकानदाराच्या बिलावर नव्हे. शिवाय संच आधी स्वखर्चाने बसवून, मोका तपासणीनंतर रक्कम खात्यात येते. ज्याच्याकडे विहीर आणि हाताशी पैसा आहे त्यालाच हा लाभ सुलभ आहे. महाडीबीटी संकेतस्थळावरील अर्जांतून पूर्वी संगणकीय सोडत काढली जाई. २०२५-२६ पासून प्रथम येणाऱ्यास प्राधान्य हे तत्त्व आले.

केळी व हवामान आधारित विमा

जळगावची केळी राज्यात अग्रगण्य असून तिला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. रावेर-यावल पट्ट्यात जून-जुलैत लावलेली ‘मृगबाग’ आणि ऑक्टोबरच्या सुमारास लावलेली ‘कांदेबाग’ असे तिचे दोन हंगाम आहेत. पीक बारा महिन्यांहून अधिक काळ शेतात उभे राहत असल्याने हिवाळ्याची थंडी, एप्रिल-मेचा तडाखा आणि मृगापूर्वीची वादळे या तिन्हींना ते सामोरे जाते.

पुनर्रचित हवामान आधारित फळपीक विमा योजनेत हिवाळ्यात सलग काही दिवस तापमान ८ अंश सेल्सिअस किंवा त्याखाली राहणे, एप्रिलमध्ये ४२ व मेमध्ये ४५ अंशांच्या वर जाणे आणि मार्च ते जुलै या काळात ताशी ४० किलोमीटरहून अधिक वेगाचा वारा ही केळीसाठीची महत्त्वाची ‘प्रमाणके’ आहेत. गारपिटीचे संरक्षण जादा हप्ता भरून घेता येते. विमा संरक्षित रक्कम हेक्टरी १,४०,००० रुपये होती. हप्त्यात शेतकरी, राज्य व केंद्र यांचे वाटे असतात. २०२० च्या खरिपापासून केंद्राने आपला सहभाग जिरायत क्षेत्रात ३० व बागायत क्षेत्रात २५ टक्के हप्तादरापर्यंत मर्यादित केल्याने राज्याचा व शेतकऱ्याचा भार वाढला.

तापमानाच्या बाबतीत शेतात कोणी पाहणीस येत नाही. महसूल मंडळातील स्वयंचलित हवामान केंद्राने नोंदवलेला आकडा निर्णायक असतो. राज्यात २०१७ पासून महावेध प्रकल्पाखाली दोन हजारांहून अधिक अशी केंद्रे उभारली गेली. प्रमाणक पूर्ण झाले तर बागेला इजा झालेली नसली तरी भरपाई मिळते. पूर्ण झाले नाही तर बाग करपली तरी मिळत नाही. पंचनाम्यातील मानवी मर्जी या पद्धतीने टळते, परंतु तिची जागा यंत्राच्या जागेने घेतली आहे. नदीकाठच्या सखल भागात थंडी अधिक साचते, गावठाणालगतच्या यंत्रात ती तितकी दिसत नाही. एका अंशाच्या फरकावर एका मंडळाला भरपाई मिळून शेजारचे मंडळ कोरडे राहू शकते. वेगाचा वारा व गारपीट यांत मात्र ७२ तासांच्या आत सूचना देऊन पाहणी करून घ्यावी लागते.

२०२० मध्ये ही प्रमाणके बदलण्यात आली तेव्हा ती पूर्ण होणे जवळजवळ अशक्य असल्याची टीका जळगावातील केळी उत्पादकांनी केली. आंदोलने व लोकप्रतिनिधींच्या पाठपुराव्यानंतर पुढील वर्षी जुनी प्रमाणके पुन्हा लागू झाली. याच्या उलट बाजूचा प्रश्नही पुढे आला: केळी न लावता विमा उतरवणे. तो रोखण्यासाठी उपग्रह चित्रे व प्रत्यक्ष पाहणीद्वारे लागवड तपासण्यात येऊ लागली आणि या पडताळणीत खऱ्या उत्पादकांचेही प्रस्ताव अडकल्याच्या तक्रारी झाल्या.

कुकुंबर मोझॅक विषाणूमुळे होणारा रोग स्थानिक शेतकऱ्यांत ‘हरण्या’ म्हणून ओळखला जातो. तो तापमान, वारा वा गारपीट यांपैकी कशातही बसत नसल्याने विम्याबाहेर राहतो. २०२२ मधील प्रादुर्भावानंतर नुकसानग्रस्त बागांसाठी राज्याला वेगळी मदत मंजूर करावी लागली.

नोंद आणि प्रत्यक्ष वहिवाट

पेरणीची नोंद पूर्वी तलाठी करत असे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली व शेतकऱ्याने स्वतः शेतात उभे राहून भ्रमणध्वनीवरून पिकाचे छायाचित्र भरावे अशी अपेक्षा ठेवण्यात आली. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत जाळे मिळत नाही, वृद्ध खातेदाराकडे योग्य फोन नसतो, मुदत संपते. नोंद राहिली की त्या हंगामाचे अर्थसाहाय्य अडते. कापूस-सोयाबीन मदतीच्या वेळी असंख्य तक्रारी आल्याने सातबाऱ्यावर नोंद असलेल्यांना नंतर सामावून घ्यावे लागले. आपत्ती मदतीत पंचनाम्यानंतर यादी प्रसिद्ध होते, प्रत्येकाला विशिष्ट क्रमांक मिळतो आणि सेवा केंद्रावर जाऊन आधार प्रमाणीकरण केल्यावरच रक्कम जमा होते.

नोंदीच्या बाहेर राहणारा सर्वांत मोठा वर्ग बटाईदारांचा आहे. खानदेशात निमबटाईने किंवा ठरावीक रकमेवर जमीन कसण्याची प्रथा व्यापक आहे आणि करार सहसा तोंडी असतो. त्याचे कारण कायद्याच्या इतिहासात आहे. १९४८ च्या मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियमानुसार १ एप्रिल १९५७ हा ‘कृषकदिन’ ठरला व कसणाऱ्या कुळांना मालकी मिळाली. तेव्हापासून दुसऱ्याचे नाव कागदावर येऊ देणे जमीनमालक धोक्याचे समजतात. पीक विम्यात भाडेपट्ट्याने कसणाऱ्यास सहभागी होता येते, पण त्यासाठी नोंदणीकृत करार लागतो. बियाणे-खतांचा खर्च बटाईदाराने केलेला असतो, तो खर्च परत देण्यासाठी असलेले निविष्ठा अनुदान मात्र मालकाच्या खात्यात जाते. ते त्याने पुढे द्यावे की नाही हे दोघांच्या संबंधांवर सोडलेले आहे. आखाजीला वर्षभराच्या बोलीने कामावर राहणारा सालदार व रोजंदारीवरील मजूर यांचा तर या योजनांत विचारच नाही, जरी कापूस बुडाला की वेचणीची मजुरीही बुडते.

स्त्रियांची स्थिती याला समांतर आहे. निंदणी, वेचणी व कांदा लागवडीत त्यांचा वाटा मोठा असूनही सातबाऱ्यावर नाव बहुधा पतीचे किंवा सासऱ्याचे असते. खातेदाराच्या मृत्यूनंतर वारस नोंदीचा फेरफार मंजूर होईपर्यंत विधवेला कोणताही हप्ता मिळत नाही. शिरपूर, साक्री, चोपडा, यावल येथील आदिवासी वनहक्क प्रमाणपत्रधारक सन्मान निधीस पात्र आहेत, परंतु त्यांचा हक्क वारसाहक्काने संक्रमित होणारा व अहस्तांतरणीय असून त्याच्या नोंदी सर्वसाधारण भूमी अभिलेखांशी जुळवून घ्याव्या लागतात.

१५ एप्रिल २०२५ पासून राज्यातील कृषी योजनांसाठी ‘शेतकरी ओळख क्रमांक’ अनिवार्य झाला. ॲग्रिस्टॅक या केंद्रीय उपक्रमाखालील या क्रमांकात खातेदाराचे आधार, त्याचे सर्व गट व हंगामातील पीक एकत्र जोडले जाते. दोन गावांत जमीन असलेल्यास त्यामुळे वेगवेगळे अर्ज करावे लागत नाहीत. क्रमांक जमीनधारकालाच मिळतो. बटाईदारासाठी त्यात स्वतंत्र नोंदीची सोय प्रारंभी नव्हती.